दोरा लावून मोजलेला रस्ता

हल्ली सायकल चालवणाऱ्या मुलांच्या बोलण्यात ‘के टू के’ हा शब्द फार येतो. पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला ते काराकोरममधले शिखरच वाटले. भूगोलाच्या मास्तराला दुसरे काय वाटणार? मग कळले, की के टू के म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी. श्रीनगरहून निघायचे, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ धरायचा आणि जमीन संपेपर्यंत सोडायचा नाही. ३७४५ किलोमीटर. देशातला सर्वांत लांब महामार्ग आहे तो. नाशिकच्या ओम महाजन या सतरा वर्षांच्या मुलाने २०२० साली हे अंतर साडेआठ दिवसांच्या आत कापले. त्याचे वडील आणि काका, दोघेही डॉक्टर, २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पुरी करून आलेले. तेव्हा तिथे घरातच पाणी वेगळे.

आमच्या नातीला विक्रम वगैरे करायचा नाही. जुनी नोकरी सोडली आहे, नवी डिसेंबरअखेरीस सुरू होणार आहे, मध्ये अडीच-तीन महिने मोकळे आहेत. वय चोवीस. ठाण्याला आईबरोबर राहते. एका रविवारी डोंबिवलीला आली आणि सरळ म्हणाली, “आजोबा, काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने जायचंय. पण हायवेने नाही. बघण्यासारख्या रस्त्याने. तुम्ही रस्ता काढून द्या.”

त्याच रात्री लेकीचा फोन. “बाबा, तिला नाही म्हणून सांगा. तुमचं ऐकेल.”

इथे थोडे मागचे सांगायला हवे. नातेवाइकांना माहीत आहे, पण या पानावर येणाऱ्या बाकीच्या मंडळींना नसेल. आमचे जावई आठ वर्षांपूर्वी गेले. कारखान्यातून दुसरी पाळी संपवून मोटारसायकलने घरी येत होते. शिळफाटा ते तळोजा या रस्त्यावर मागून ट्रकने उडवले. नात तेव्हा सोळा वर्षांची, दहावी होऊन अकरावीत गेलेली. त्यानंतर माझी लेक त्या रस्त्याने कधी गेली नाही. पनवेलला लग्न असले तरी लोकलने ठाणे-वाशी करून जाते. तेव्हा ‘हायवे’ हा शब्द तिच्या घरात जपूनच उच्चारावा लागतो, आणि तिची मुलगी चार हजार किलोमीटरचा हायवे मागत होती.

मी ‘नाही म्हणून सांगतो’ असे फोनवर म्हटले नाही. ‘रस्ता बघतो’ म्हटले.

रस्ता बघणे हे माझे जुने व्यसन आहे. मी मराठी माध्यमातून भूगोल घेऊन बी.ए. झालो आणि चौतीस वर्षे शाळेत तोच विषय शिकवला. नववीच्या मुलांना नकाशावर नदीची लांबी मोजायला लावायचो. दोरा पाण्यात भिजवायचा म्हणजे तो नकाशाला चिकटून बसतो, वळणावळणाने नदीवर अंथरायचा, मग उचलून पट्टीवर धरायचा आणि प्रमाणाने गुणायचे. पोरांना हे फार आवडे. तास संपता संपता वर्गात बाकांवर सगळीकडे ओले दोरे.

स्वतःसाठीही मी असा एक रस्ता मोजला होता. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप झाला, ८ ते २७ मे. गाड्यांचा काही भरवसा नव्हता आणि मला दहावी-अकरावीचे पेपर तपासायला ठाण्याला जायचे होते. नोकरीतले पहिलेच वर्ष. मग सायकल काढली. डोंबिवलीहून काटई, शीळ, मुंब्रा, कळवा करत ठाणे. वीस-बावीस किलोमीटर. तेव्हा त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भातखाचरे होती आणि बैलगाड्याच जास्त, हे आजच्या पलावाकडे बघून कोणाला खरे वाटणार नाही. त्या दहा-बारा दिवसांत मला सायकलचा असा नाद लागला, की मी आणि आमच्या शाळेतले एक गणिताचे सर, दोघांनी मिळून डोंबिवली ते कन्याकुमारी असा बेत आखला. सायकल ॲटलास कंपनीची आणि हातात नकाशाही ॲटलासच! (ती कंपनी २०२० च्या ३ जूनला बंद पडली. दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा.) भारतीय सर्वेक्षण विभागाचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे मिळवायला गेलो तर कळले, किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे नकाशे सामान्य माणसाला मिळतच नाहीत, संरक्षणाच्या कारणाने. म्हणजे मला नेमका जो रस्ता हवा होता, तोच कागदावर बघता येत नव्हता. तरी शाळेच्या ॲटलासवर दोरा लावून आम्ही अंतर काढले. १९७९ च्या उन्हाळी सुट्टीत निघायचे नक्की केले.

१९७९ च्या एप्रिलात आमच्या लेकीचा जन्म झाला. गणिताचे सर एकटे जायला तयार नव्हते. विषय तिथे संपला. हीच ती लेक, जी आता ‘नाही म्हणून सांगा’ म्हणत होती. नातीला हे सांगितले तेव्हा ती हसून हसून लोळली.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट झाली, तीही सांगतो. १९८५ च्या २४ डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला, बाबा आमटे ‘भारत जोडो’ म्हणून कन्याकुमारीहून निघाले. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर, आणि बाबा मागे गाडीत आडवे पडून, कारण पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसताच येत नसे. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे. सत्तरी गाठलेला माणूस. त्या यात्रेचे अंतर पाच हजार किलोमीटरच्या वर भरले. मी तेव्हा वर्गात भारताचा मोठा नकाशा टांगून पेपरात बातमी आली की टाचणी लावत असे. एका मुलीने विचारले, “सर, एवढे वाकडे का जातात? सरळ गेले तर लवकर पोचतील.” मी म्हटले, पोचायला निघालेलेच नाहीत ते, माणसांना भेटायला निघाले आहेत. १९८८ मध्ये ते पुन्हा निघाले, अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातच्या ओख्यापर्यंत. तेव्हाही टाचण्या लावल्या.

तर नातीच्या रस्त्याकडे येतो. बघण्यासारखा रस्ता म्हणजे काय, इथूनच आमचा वाद सुरू झाला. तिच्या फोनवर प्रत्येक रस्त्याचे फोटो दिसतात, चढ-उताराचा आलेखही येतो. मी समोच्च रेषा मोजत बसलो होतो तेवढ्यात तिने पूर्ण पटनीटॉपचा चढ दाखवला. मात्र फोनला एक कळत नाही. वारा कळत नाही. म्हणजे आजचा कळतो, पण दिवाळीनंतर कोकणात वारा कुठून असतो हे मास्तरालाच विचारावे लागते. पावसाळा संपला की आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मंद वारा असतो आणि दुपारनंतर समुद्रावरून, वायव्येकडून येतो. म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या साधारण पाठीवर. शिडाची गलबते याच वाऱ्यावर जात. उलट तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस. महामार्ग ४४ ने गेली असती तर सेलम-मदुराईला ऐन नोव्हेंबरात भिजली असती. किनाऱ्याने गेली तर केरळात पोचेपर्यंत डिसेंबर उजाडेल आणि पाऊस ओसरलेला असेल. म्हणून उत्तरेत ऑक्टोबर, घरी दिवाळी आणि मग किनारा, असा क्रम मी लावला.

यात माझा थोडा स्वार्थही होताच. रस्ता डोंबिवलीवरून नेला!

उत्तरेकडचा भाग सांगतो. श्रीनगर ते जम्मू, मग पठाणकोट, अमृतसर, तिथून राजस्थानात बिकानेर, जोधपूर, अबू, अंबाजी. अहमदाबादनंतर सगळे सुरतेकडे वळतात, पण तो सगळा ट्रकचा रस्ता. म्हणून आम्ही राजपिपळ्यावरून डांगच्या जंगलात शिरायचे ठरवले. आहवा, सापुतारा, वणी, नाशिक. नाशिकहून कसाऱ्याऐवजी त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा आणि कल्याण. जव्हारचा रस्ता पावसानंतर काय दिसतो हे मी तुम्हाला सांगायला नको. राजस्थानबद्दल नात फार उत्साही नाही, मला तर ते हवेच आहे, कारण हिमालय, पंजाबचे सपाट मैदान, वाळवंट, अरवली, सह्याद्री आणि किनारा अशी सगळी प्राकृतिक रचना एकामागून एक पायाखालून जाणार. चाळीस वर्षांपूर्वी फळ्यावर काढलेली ती आकृती. नाशिककडून गेल्यामुळे वरोरा मात्र सुटले. मी पहिल्यांदा नागपूरचा रस्ता काढला होता तो आनंदवनासाठीच. नात म्हणाली, तिथे आपण दोघे ट्रेनने जाऊ.

सगळे मिळून चार हजारांच्या पुढे जाते. रोज ऐंशी किलोमीटर धरले तर पन्नास-बावन्न दिवस चालवायचे, बाकी विश्रांती.

दुसऱ्या रविवारी लेकही आली. ‘मी फक्त जेवायला आले आहे’ म्हणाली आणि खरोखर आतल्या खोलीत जाऊन बसली. आमची ही म्हणजे सौभाग्यवती दोन्ही खोल्यांत चहा पोचवत होती. वाद मात्र सगळा ऐकू जात होता. मी मोठ्याने म्हटले, की काश्मीरहून मुगल रोडने जावे, शोपियनवरून पीर की गली ओलांडून पूंछकडे. अकबर-जहांगीर ज्या वाटेने काश्मीरला जात ती वाट. आतून आवाज आला, “सरहद्दीजवळून नको.” झाले, मुगल बादशहा रद्द. मग राहिला नेहमीचा रस्ता, बनिहाल-रामबन-उधमपूर. त्यावर दरडी कोसळतात. लेक दारात येऊन उभी राहिली. “आता तिथे रेल्वे झाली आहे ना? चिनाबचा पूल वगैरे. एवढा तुकडा गाडीने जा म्हणावं.” झाली आहे खरी, २०२५ च्या जूनमध्ये. पूल नदीपासून ३५९ मीटर उंच. नातीला पूल बघायचा आहे, पण गाडीत बसायचे नाही. “मग मी काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने गेले असं कसं म्हणू, आई?” यावर अजून निकाल लागलेला नाही.

नातीचे एक म्हणणे मला मान्य करावे लागले. आम्ही दोघे म्हातारे-मध्यमवयीन ‘लहान रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता’ असे धरून चाललो होतो. ती म्हणाली, चौपदरी महामार्गाला कडेला डांबरी पट्टा असतो, सायकलला जागा मिळते. दुपदरी रस्त्याला वळण आले की समोरून बस आणि मागून डंपर, मध्ये आपण. लाल मातीची कड पावसाने खचलेली. तिचे खरेच आहे. म्हणून प्रत्येक टप्प्याला वेगळा विचार केला. पंजाबात आणि राजस्थानात काही ठिकाणी मोठाच रस्ता घेतला आहे.

लेकीला एकदा वेदांगी कुलकर्णीचे नाव सांगितले. पुण्याची मुलगी, २०१८ साली विसाव्या वर्षी १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मला वाटले धीर येईल. लेक म्हणाली, “हो, वाचलंय. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, तेही वाचलंय.” मी गप्प. १९२३ साली मुंबईहून सायकलने जगप्रवासाला निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, जे १९२८ मध्ये ७१ हजार किलोमीटर फिरून परत आले, त्यांची गोष्ट मग मी सांगितलीच नाही.

पण त्या दिवसापासून तिने एक वही केली. शंभर पानी, शाळेची असते तशी. डावीकडे दिवस आणि मुक्कामाचे गाव, उजवीकडे तिथले सरकारी रुग्णालय, पोलीस ठाणे आणि ओळखीचे कोण. संध्याकाळी चारनंतर चालवायचे नाही, ही पहिल्या पानावरची पहिली अट. माझे विद्यार्थी इथे उपयोगी पडले. चौतीस वर्षांत शिकवलेली मुले कुठे कुठे विखुरलेली आहेत, बँकेत, रेल्वेत, सैन्यात. अमृतसरला एक निघाला, जोधपूरला दोन. एकाने तर ‘सर, मी तो ओला दोरा अजून विसरलो नाही’ असे म्हटले आणि माझा आवाजच बसला. असो.

किनाऱ्याचा रस्ता ही सगळ्यांत गोड गोष्ट. अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याला जंगल जेट्टीत बसायचे आणि दिघीला उतरायचे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून पुन्हा बोट, वेसवीला उतरणे म्हणजे रत्नागिरी जिल्हा लागला. केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. दाभोळहून बोटीने धोपावे. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून बोटीने जयगड. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. तेरेखोलची खाडी बोटीने ओलांडली की गोवा. या खाड्यांवर पूल बांधायची कामे निघाली आहेत. सोय होईल, नाही म्हणत नाही. पण मला वाटते, बोटीची वाट बघत धक्क्यावर अर्धा तास बसणारा प्रवासी जे बघतो ते पुलावरून जाणाऱ्याला दिसत नाही.

हा रस्ता नकाशावर समुद्रसपाटीवर दिसतो म्हणून फसू नये. प्रत्येक खाडीपाशी खाली उतरायचे आणि पलीकडे जांभ्या दगडाच्या सड्यावर चढायचे. शंभर-दीडशे मीटरच, पण दिवसातून चार वेळा. फोनचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. कारवारपासून पुढे गोकर्ण, मुरुडेश्वर, मरवंते, उडुपी, मग केरळ. तिथे कोचीच्या उत्तरेला वैपिन बेटावरून यायचे, बोटीने फोर्ट कोचीला उतरायचे आणि समुद्राकाठच्या रस्त्याने आलप्पुळा.

एवढे सगळे जमले आणि अडले कुठे, तर घरापाशी. देशभरातला माझ्या मते सर्वांत वाईट तुकडा डोंबिवली ते पनवेल. काटई, शिळफाटा, तळोजा. कंटेनर, धूळ, खड्डे. आणि तो रस्ता. नकाशावर मी पेन्सिल कल्याण-शीळ रस्त्याने नेली आणि शिळफाट्याला थांबवली. नातही काही बोलली नाही. तिने त्या जागेवर बोट ठेवले, मग उचलले. “पहाटे चारला निघाले तर?” हळूच म्हणाली. पहाटे चारला तर ट्रकच असतात.

त्यावर आम्ही दोन रविवार काही बोललोच नाही. पुढचे गोव्याचे, केरळचे मुक्काम ठरवत बसलो.

तिसऱ्या रविवारी लेक बँकेतून आणलेल्या एका कागदाच्या मागे काहीतरी लिहून घेऊन आली. “ठाण्याहून निघायचं. आपल्याच घरून. रविवारी पहाटे साडेपाचला. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, शीव, दादर आणि भाऊचा धक्का. तिथून मांडव्याची मोठी बोट. २०२० पासून आहे. सायकलही घेतात, मी फोन करून विचारलंय. मांडव्याहून अलिबाग किती, बाबा?”

मी वीसेक किलोमीटर म्हणालो. मला तो रस्ता सुचला नव्हता याचे आश्चर्य वाटत होते, कारण पुढे चार-पाच बोटी मी स्वतःच लावल्या होत्या.

“बोटीत बसलं तर चालतं का तुला?” तिने मुलीला विचारले. “ट्रेन चालत नाही म्हणालीस.”

“बोट चालते,” नात म्हणाली. “खाडी असेल तिथे सगळेच बसतात.”

“मग ही खाडीच आहे. जरा मोठी.”

वहीत त्या दिवसाचे पान लेकीने स्वतः लिहिले. डावीकडे ‘ठाणे ते अलिबाग’. उजवीकडे रुग्णालय, पोलीस ठाणे, आणि ओळखीचे कोण या रकान्यात ‘आई, मांडव्यापर्यंत बरोबर’. मला वाटले नाव चुकून लिहिले. म्हणाली, नाही, मी बोटीने मांडव्याला सोडायला जाणार आणि त्याच बोटीने परत येणार.

रामबनचा प्रश्न अजून तसाच आहे. निघायला वेळ आहे, भांडायलाही आहे.

आता या पानावर येणाऱ्या मंडळींकडे माझी काही मागणी आहे. आंजर्ले किंवा हर्णै भागात कोणाचे घर असेल, आणि एका मुलीला एक रात्र अंथरूण-पांघरूण मिळेल, तर मला कळवावे. जेवणाचे पैसे ती देईल, तुम्ही घेणार नाही हे माहीत आहे. तवसाळ-जयगड बोटीच्या शेवटच्या फेरीची वेळ हिवाळ्यात काय असते, हे तिकडच्या कोणी पक्के विचारून सांगावे, ऐकीव नको. बिकानेरच्या उत्तरेला हनुमानगडकडे वहीची उजवी बाजू अजून कोरी आहे. कोणाचा मुलगा, जावई, भाचा त्या बाजूला नोकरीला असेल तर फार बरे होईल. आणि कोणाकडे सायकलच्या मागे लावायचा, लांबून दिसेल असा लाल दिवा असेल तर त्याचे नाव सांगा. लेकीने दोन आणले आहेत, तिला तिसरा हवा आहे.